एलपीचं कव्हर दुरुस्तीला आणण्यापूर्वी: टेप लावू नका

"कव्हर वरून उसवत होतं, म्हणून तात्पुरती सेलोटेप लावलीय. आता तुम्ही नीट करून द्या." सत्तरच्या दशकातल्या रॉक बँडच्या एलपींची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, कव्हरं आणि पोस्टर घेऊन येणाऱ्यांकडून हे वाक्य आम्हाला सारखं ऐकायला मिळतं. टेप लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण अर्ध्या तासाचं काम त्या टेपमुळे अर्ध्या दिवसाचं होतं, बिल वाढतं, आणि एवढं करूनही डाग जाईलच असं नाही. म्हणून हे पत्रक. कव्हर उसवलंय, फाटलंय, कोपरे दुमडलेत, काहीही असो, आहे तसंच आणा.

टेप नेमकं काय करते

साधी पारदर्शक टेप पहिली काही वर्षं निरुपद्रवी दिसते. मग तिचा रबरी चिकटा मऊ पडतो आणि पुठ्ठ्याच्या तंतूंत उतरायला लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. चिकटा आधी पिवळा होतो, मग तपकिरी. शेवटी वरची प्लास्टिकची पट्टी सुकून आपोआप गळून पडते आणि मागे एक तेलकट, कडक पट्टा राहतो. तो पाण्याने निघत नाही, खोडरबराने निघत नाही. दुधी रंगाची टेप तितकी पिवळी पडत नाही हे खरं, पण ती उचलताना खालची शाईही उचलून आणते.

टेप काढायची म्हणजे पातळ, गरम पात्याने प्लास्टिक एकेक मिलिमीटर सोडवायचं, सुटलेला चिकटा क्रेप रबराने (चिकटा उचलणाऱ्या रबराच्या तुकड्याने) गोळा करायचा, आणि उरलेल्यावर कापसाच्या काडीने द्रावक लावून लगेच टिपायचं. इथे खरी अडचण येते. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश कव्हरांवर चकचकीत पापुद्रा चढवलेला असतो. हा पापुद्रा पुष्कळदा सेल्युलोज ॲसिटेटचा असतो, आणि ॲसिटोन लागलं की तो स्वतःच विरघळतो. घरी नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने टेपचा डाग पुसायला गेलं की त्या जागी पांढुरका, खरबरीत ठिपका उमटतो. तो आम्हालाही भरून काढता येत नाही. म्हणून टेप लागलेल्या एका कडेला आम्ही तीन ते चार तास धरतो आणि त्याप्रमाणे आकारणी करतो. ही रक्कम जास्त वाटते याची आम्हाला कल्पना आहे. तेवढा वेळ दिला नाही तर चित्र जातं.

टेपपेक्षा वाईट गोष्ट एकच, ती म्हणजे गरम लॅमिनेशन. कागदपत्रांसारखं कव्हर किंवा पोस्टर लॅमिनेट करून घेतलं असेल, तर ते सोडवण्याचं काम आम्ही घेत नाही. तो चिकटा वितळून कागदात मुरलेला असतो.

जोड सुटलाय की फाटलाय?

फोनवर आम्ही हे आधी विचारतो, कारण दोन्हीचं काम वेगळं आहे. कव्हराच्या कडेला आत वळवून चिकटवलेली एक पट्टी असते. जुना डिंक सुकून ती पट्टी नुसती उघडली असेल आणि अख्खी असेल, तर जोड सुटलाय. पुठ्ठा घडीवरच चिरला असेल, तर जोड फाटलाय. थेट पुठ्ठ्यावर छापलेल्या अमेरिकन कव्हरांत दुसरा प्रकार जास्त दिसतो. दोन्हींचं मूळ कारण एकच असतं. रेकॉर्ड कव्हरातच ठेवून पार्सल केलं किंवा कव्हर उभं धरून आपटलं, की १८० ग्रॅमपर्यंतच्या त्या तबकडीची धार आतून जोडावर बसते.

सुटलेला जोड आम्ही त्याच्याच पट्टीवर खळ लावून बसवतो. फाटलेल्या जोडाला आतून जपानी कागदाची (पातळ पण चिवट, लांब तंतूंच्या कागदाची) साधारण १२ मिलिमीटरची पट्टी लागते. ही पट्टी कात्रीने कापत नाही. पाण्याची रेघ ओढून हाताने फाडतो, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि बाहेरून उंचवटा जाणवत नाही. खळ गव्हाच्या सत्त्वाची असते: एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत शिजवायची आणि थंड झाली की गाळायची. आतून जोडाला खळ लागण्यापूर्वी कव्हरात सिलिकॉन कागद गुंडाळलेलं कार्ड सरकवायचं, नाहीतर पुढची आणि मागची बाजू एकमेकींना चिकटते. मग टिपकागद, काच, वजन आणि एक रात्र.

फेविकॉल का नाही, हे सगळे विचारतात. पांढरा डिंक पकडतो चांगला, पण वाळल्यावर पुठ्ठ्यापेक्षा कडक होतो, आणि पुढच्या वेळी कव्हर त्याच्या शेजारी फाटतं. शिवाय तो परत सोडवता येत नाही. खळ पन्नास वर्षांनीही ओलाव्याने सुटते, आणि दुरुस्ती अशीच असावी असं आमचं ठाम मत आहे.

काही कव्हरं वेगळी वागतात

त्या दशकातल्या डिझायनरांनी कव्हराला वस्तूसारखं वागवलं. त्यात चाकं, खिडक्या, चेन (झिप), पिशव्या आल्या. त्यामुळे एकच नियम सगळ्यांना लागू होत नाही.

लेड झेपलिनच्या तिसऱ्या अल्बमच्या (१९७०) कव्हरात फिरतं चाक आहे. ते मधल्या रिव्हेटवर फिरतं आणि पुढच्या भोकांतून चित्रं बदलत जातात. पावसाळ्यात पुठ्ठा फुगला की चाक अडकतं. जोर लावला तर रिव्हेटभोवतीचं भोक फाटतं, आणि कडेला टेप लावली तर चाक टेपलाच चिकटतं. अडकलं असेल तर तसंच सोडा. कोरड्या खोलीत काही दिवस ठेवल्यावर बहुतेक वेळा ते आपोआप सैल होतं, मग आमची गरजही लागत नाही.

त्याच बँडच्या 'फिजिकल ग्राफिटी'वर (१९७५) न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसमधल्या इमारतीचं चित्र आहे आणि खिडक्या खरोखर कापलेल्या आहेत. आतलं कव्हर बाहेर काढताना खिडक्यांमधल्या बारीक पट्ट्या तुटतात. तुटलेला तुकडा आतच पडलेला असतो, म्हणून कव्हर झटकू नका. तुकडा सापडला तर मागून जोडता येतो, हरवला तर ती जागा नवीन पुठ्ठ्याने भरावी लागते.

त्यांचंच 'इन थ्रू द आउट डोअर' (१९७९) आणताना पाण्याची बाटली त्याच पिशवीत नको. हे कव्हर हिप्नॉसिस या डिझाइन स्टुडिओचं. सहा वेगवेगळी छायाचित्रं छापून प्रत्येक प्रत तपकिरी कागदी पिशवीत घातली होती, म्हणजे विकत घेताना कोणतं मिळतंय ते कळत नसे. आतल्या कव्हरावरच्या काळ्या-पांढऱ्या रेषाचित्राला ओला ब्रश लागला की रंग उमटतात, आणि ते कायमचे राहतात. ओल्या फडक्याने धूळ पुसणाऱ्यांच्या प्रतींवर नेमके पुसण्याचे पट्टे रंगीत झालेले दिसतात. याला आम्ही खळही लावत नाही, फक्त मऊ, कोरड्या ब्रशने साफ करतो.

रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स'च्या (१९७१) मूळ प्रतींवर खरी चेन आहे. कल्पना चित्रकार अँडी वॉरहोल यांची. गठ्ठ्यात ही चेन शेजारच्या रेकॉर्डवर दाबली जायची आणि खोबणी खराब व्हायची. त्यावर त्या वेळी काढलेला तोडगा आजही चालतो. चेन अर्धी खाली ओढून ठेवायची, म्हणजे दाब रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर पडतो, गाण्यावर नाही. घरी ठेवताना पुढे-मागे एकेक जाड कार्ड लावा. या कव्हराला साधी फ्रेम चालत नाही, आत किमान १ सेंटिमीटर पोकळी लागते.

पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर' (१९७५) काळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात विकायला आलं आणि चित्रकार जॉर्ज हार्डी यांचं यांत्रिक हातांचं स्टिकर त्या वेष्टनावर होतं. म्हणजे वेष्टन फाडून फेकलं की डिझाइनचा अर्धा भाग गेला. वेष्टन शाबूत असेल तर ब्लेडने फक्त तोंडाकडची कड चिरा. फाटलं असेल तर तुकडे एका पाकिटात घालून आणा, स्टिकर आम्ही वेगळं माउंट करून देतो.

काळी कव्हरं आणि गोल झीज

पिंक फ्लॉइडचं 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) सगळ्यात जास्त येतं आणि त्यावर गोल झिजलेलं कडंही सगळ्यात उठून दिसतं, कारण पार्श्वभूमी पूर्ण काळी आहे. रेकॉर्ड आत ठेवून एलपी आडव्या रचल्या किंवा कपाटात घट्ट कोंबल्या, की तबकडीची कड शाई घासते. घासलेली शाई परत येत नाही. काळ्या मार्करने भरू नका. मार्करचा काळा रंग उन्हात जांभळट होतो आणि पुठ्ठ्यात पसरतो. रेकॉर्ड वेगळ्या पांढऱ्या इनरमध्ये (आतल्या साध्या पाकिटात) घालून कव्हराच्या मागे, एकाच बाहेरच्या पिशवीत ठेवणं एवढाच इलाज आहे. बाहेरची पिशवी पॉलिथिनची किंवा पॉलिप्रॉपिलिनची असावी. जुन्या जाड, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्यांमधला तेलकट अंश बाहेर येतो, शाईला चिकटतो आणि रेकॉर्डवर धुरकट थर आणतो. योग्य पिशव्या आमच्याकडे २५च्या गठ्ठ्यात मिळतात. दुरुस्तीला दिलेल्या प्रत्येक कव्हरासोबत एक आम्ही देतोच.

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने कोलकात्याजवळच्या दमदमला काढलेल्या प्रतींबद्दल "भारतीय आहे, तिला काय एवढं" असं कुणी म्हणालं की वाईट वाटतं. घरातल्या थोरल्यांनी त्याच विकत घेतल्या, त्याच ऐकल्या. त्यांनाही आम्ही तीच खळ आणि तोच कागद वापरतो. दुकानाचा शिक्का किंवा पेनने लिहिलेलं नाव आम्ही स्वतःहून काढत नाही.

पोस्टरच्या घड्या

'डार्क साइड'च्या सुरुवातीच्या प्रतींत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर होते. पोस्टर घडी घालूनच आत घातलेलं असल्याने घडीची रेघ मूळचीच आहे. आम्ही ती सपाट करतो, नाहीशी करत नाही. इस्त्री फिरवू नका. अशी पोस्टर बहुधा आर्ट पेपरवर असतात. त्या कागदावर चिकणमातीचा गुळगुळीत थर असतो. तो ओला होऊन दाबला गेला तर समोरच्या कागदाला चिकटतो, आणि कोरड्या इस्त्रीने घडीवरच तडकतो. आमच्याकडे पोस्टर बंद दमट पेटीत, पाण्याचा थेंब न लागता, काही तास राहतं. मग टिपकागदांच्या मध्ये काचेखाली तीन दिवस. टिपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदलतो. घाई केली तर कागद लाटेसारखा उठतो.

पोस्टर गुंडाळून आणायचं असेल तर निदान १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर बाहेरून गुंडाळा. रबरबँड नको, सुती पट्टी बांधा.

फ्रेम

एलपीचं कव्हर साधारण ३१.५ सेंटिमीटर चौरस असतं, पण प्रत्येक छापखान्याचं माप दोन-तीन मिलिमीटरने हलतं. म्हणून आम्ही कव्हर हातात आल्याशिवाय फ्रेम कापत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या तयार '१२ इंची' फ्रेममध्ये कव्हर बसत नाही, आणि मग कडा दुमडून बसवलेली कव्हरं आमच्याकडे येतात. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर मोकळे लागतात, कारण पावसाळ्यात पुठ्ठा वाढतो. कव्हर कशालाच चिकटवत नाही. चार कोपऱ्यांना पारदर्शक खिसे असतात, हवं तेव्हा कव्हर काढून रेकॉर्ड लावता येते.

गेटफोल्ड (पुस्तकासारखं उघडणारं कव्हर) असेल तर काय दिसायला हवं ते आधी ठरवा. येस या बँडच्या 'क्लोज टू द एज'ची (१९७२) बाहेरची बाजू जवळजवळ नुसती हिरवी आणि अक्षरांची आहे, चित्रकार रॉजर डीन यांचं निसर्गचित्र आत आहे. ते उघडून लावायचं तर सुमारे ६३ सेंटिमीटर रुंदीची फ्रेम आणि कण्याखाली (मधल्या घडीखाली) आधार लागतो. आधाराशिवाय कणा दोन-तीन वर्षांत चिरतो.

समोर अतिनील किरण अडवणारी ॲक्रिलिक शीट घ्या, साध्या काचेपेक्षा महाग पडते तरी. छपाईच्या चार शायांपैकी पिवळी आणि किरमिजी आधी उडतात, म्हणून खिडकीसमोर टांगलेली जुनी पोस्टर निळसर दिसतात. 'डार्क साइड'च्या सहा रंगांच्या पट्ट्यात हे लगेच कळतं. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नका. दुसरी जागा नसेलच तर मागे ५ मिलिमीटरचे बुचाचे तुकडे लावून देतो, म्हणजे हवा खेळते आणि ओल थेट पुठ्ठ्यात जात नाही.

आणताना

रेकॉर्ड घरीच ठेवा. दोन सपाट पुठ्ठ्यांच्या मध्ये कव्हर घाला, पुठ्ठे सुताने बांधा, टेप पुठ्ठ्यांनाही नको. बुरशीचा वास येत असेल किंवा कसर लागलेली असेल तर ते कव्हर वेगळ्या बंद पिशवीत आणा आणि दारातच सांगा, आम्ही ते इतरांपासून दूर ठेवतो. टेप आधीच लावून झाली असेल तर ओढून काढू नका, तशीच राहू द्या. कव्हराची कामं साधारण आठवड्यात होतात. पोस्टर सपाट करायला एरवी पाच दिवस लागतात, जून ते सप्टेंबर दहा.