आधी उलटी, मग जुलाब? मग गराडूला सोडा
इंदोरात लहान मुलाने उलटी केली रे केली की घरात पंचायत बसते, काल याला काय खायला दिलं? सराफ्यातल्या खाऊगल्लीतला गराडू (तळलेला मसालेदार कंद), सकाळची पोहे-जलेबी, कोणीतरी दोषी ठरतंच, आणि पोर बाहेरचं काही खातच नसेल तर आजी म्हणणार दात येतायत. दात येताना लाळ गळते, किरकिर वाढते हे खरं, पण दिवसातून आठ-दहा वेळा पाण्यासारखी शी दातांमुळे होत नाही.

थंडीत दोन वर्षांच्या आतल्या मुलाला असं झालं तर आधी रोटाव्हायरसचा संशय घ्यायचा. बहुतेकदा सुरुवात उलट्यांनी, सोबत ताप, मग पातळ पाण्यासारखे जुलाब, त्यात रक्त नसतं. उलट्या एक-दोन दिवसांत थांबतात, जुलाब मात्र 3 ते 8 दिवस चालतात, कारण लहान आतड्यात पाणी शोषणाऱ्या पेशीच व्हायरस मारतो आणि नव्या तयार व्हायला वेळ लागतो. अँटिबायोटिकचा इथे काही उपयोग नाही, आणि मेडिकलवरून जुलाब थांबवायची गोळी मागून आणणं तर लहान मुलांसाठी धोक्याचं. शीत रक्त किंवा उलटी हिरवी असेल तर गोष्ट वेगळी, लगेच डॉक्टर.

जुलाब किती झाले यापेक्षा सू किती वेळा झाली ते बघा. डायपरमध्ये पातळ शी आणि सू एकच दिसते, आई म्हणते भरलाय की, आणि पोर आतून कोरडं पडत असतं, म्हणून त्या दिवसांत सुती लंगोटच बरा. सहा-आठ तास सू नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल, टाळू खाली गेलेली, पोर मलूल, यातलं काहीही दिसलं की रात्र असली तरी निघायचं.

तोवर ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, जास्त घट्ट केलं तर उलट त्रास. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून परत चमचा-चमचा. अंगावरचं दूध बंद करू नका. झिंक डॉक्टरांना विचारून, साधारण 14 दिवस, जुलाब थांबले तरी.

मध्य प्रदेशात 2017पासून रोटाची लस सरकारी लसीकरणात फुकट आहे, 6, 10 आणि 14 आठवड्यांना. ती घेतली तरी जुलाब होऊ शकतात, पण सलाईन लागण्याइतकं गंभीर व्हायची शक्यता कमी होते. वर्ष उलटलं की मात्र पहिला डोस देत नाहीत, तेव्हा बाळाचं कार्ड आजच काढून बघा.