सब्जा आणि चिया: मधुमेहात एकाचं गणित दुसऱ्याला लावू नका

‘सब्जा म्हणजेच आपला देशी चिया, दोघांचे गुण सारखेच, शुगर उतरते’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर, आरोग्याच्या पानांवर आणि किराणा दुकानातल्या पाकिटांवरसुद्धा सर्रास दिसतं. त्यातला पहिला भाग चुकीचा आहे, दुसरा अर्धवट आहे आणि तिसरा भाग मधुमेह असलेल्या माणसाला नुकसान करू शकतो. म्हणून या दोन बिया एकदा नीट शेजारी मांडायला हव्यात.

सब्जा तुम्हाला माहीत आहे. फालुद्यात, उन्हाळ्याच्या सरबतात पडतो तोच. तो तुळशीच्या कुळातल्या एका रोपाचा बी आहे, पण अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्यांतलं बी तो नव्हे. चिया मूळचा मेक्सिको आणि ग्वाटेमालाचा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने दोघं एकाच मोठ्या कुळातले, त्यामुळे दूरचे भाऊबंद म्हणता येतील, पण झाडं वेगळी. चिया आता नुसता आयातीचा माल राहिलेला नाही. मैसूरच्या भागात त्याची लागवड होते आणि आपल्याकडे वाशीम जिल्ह्यातले शेतकरीही तो रब्बीत घेतात. तेव्हा ‘देशी विरुद्ध विदेशी’ हा वादही बाजूला ठेवलेला बरा.

ओळखायला दोन्ही सोपे आहेत. सब्जा एकसारखा काळाभोर आणि मंद दिसतो. चिया गुळगुळीत, थोडा चमकदार असतो आणि त्यात राखाडी, तपकिरी, काळे, पांढरट असे ठिपकेदार दाणे मिसळलेले असतात. पांढरा चिया वेगळा मिळतो, पांढरा सब्जा मिळत नाही. शंका आलीच तर दोन वाट्यांत एकेक चमचा टाकून पाणी घाला. सब्जा पाच मिनिटांत फुगायला लागतो, दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक गोळा तयार होतो आणि मध्ये काळा ठिपका दिसतो. दाणे सुटे राहतात, पाणी बऱ्यापैकी पातळ राहतं. चिया सावकाश फुगतो, किमान अर्धा तास घेतो, आणि सगळं मिश्रण एकजीव, दाट होत जातं. सुरुवातीला तो तळाशी बसून गठ्ठा धरतो, म्हणून पाणी घातल्यावर लगेच एकदा आणि पाच मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळायचं. हे न केल्यामुळे ‘आमचा चिया फुगलाच नाही’ म्हणणारे बरेच आहेत. बाहेर चिकट आणि आत कोरडा असा गोळा होतो, दुसरं काही नाही.

इथपर्यंत सगळं साधं आहे. खरा घोळ पुढे आहे.

मधुमेहाच्या संदर्भात जे आकडे फिरतात ते जवळजवळ सगळे चियाचे आहेत, आणि लोक घेतात सब्जा. तोही एक छोटा चमचा, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम. टोरंटोमधल्या संशोधकांनी 2007 साली टाइप 2 मधुमेह असलेल्या 20 जणांवर केलेला प्रयोग सगळ्यात जास्त सांगितला जातो. त्यात लोक दिवसाला सुमारे 37 ग्रॅम चिया खात होते, बारा आठवडे. साधारण तीन मोठे चमचे, रोज. त्यातून वरचा रक्तदाब उतरला, शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी कमी झालं. पण रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए1सी? तुलनेसाठी दिलेल्या गव्हाच्या कोंड्यापेक्षा त्यात ठळक फरक पडला नाही. साखर आधीसारखीच आटोक्यात राहिली, एवढंच. 2017 मध्ये त्याच संशोधकांनी 77 लठ्ठ किंवा जास्त वजनाच्या मधुमेहींना सहा महिने चिया दिला, दर हजार कॅलरींमागे 30 ग्रॅम. चियावाल्यांचं वजन सरासरी 1.9 किलो उतरलं, चिया न घेणाऱ्या गटाचं 0.3 किलो. फायदा झाला, पण तो वजनाचा आणि कमरेचा.

म्हणजे ज्या बीवर माणसांत नीट प्रयोग झाले, त्याचाही दावा ‘शुगर उतरते’ इतका मोठा नाही. आणि ज्या सब्जाच्या नावावर तो दावा खपवला जातो, त्यावर मधुमेहींमध्ये अशा तोडीचं काम झालेलं नाही. सब्जा वाईट आहे असं याचा अर्थ नाही. त्यात फायबर आहे, बुळबुळीत आवरण आहे, तो पोटभरीचा आहे. पण 37 ग्रॅम चियाचा निष्कर्ष चार ग्रॅम सब्जाला चिकटवणं हा निव्वळ खोटा हिशेब आहे. त्यावर विसंबून कोणी गोळी कमी केली तर बिल त्याच्या डोळ्यांना आणि किडनीला भरावं लागतं.

मग या बियांचा साखरेशी खरा संबंध कुठे येतो? जेवणानंतरच्या चढात. निरोगी लोकांवरच्या एका प्रयोगात ब्रेडमध्ये 7, 15 आणि 24 ग्रॅम चिया मिसळून दिला, आणि जितका चिया जास्त तितका जेवणानंतरचा साखरेचा चढ कमी आला. कारण सोपं आहे. भिजलेल्या बीभोवतीचा चिकट थर जठरातल्या अन्नात मिसळला की सगळं दाट होतं, ते जठरातून सावकाश पुढे सरकतं आणि पिष्टाची साखर होऊन रक्तात उतरायला जास्त वेळ लागतो. पण हे घडायला चिया आणि भात, पोळी किंवा पोहे एकाच वेळी जठरात असायला हवेत.

म्हणूनच सकाळी उपाशीपोटी चियाचं पाणी पिऊन दोन तासांनी पोहे खाण्याला आमचा ठाम विरोध आहे. त्याने पाणी पोटात जातं, थोडं फायबर जातं, आणि पोहे खाताना जठरात चिया नसतो. त्यात लिंबाबरोबर एक मोठा चमचा मध घातला तर सुमारे 17 ग्रॅम साखर आपण स्वतःच्या हाताने घातली. ‘डिटॉक्स पाणी’ हा शब्द मधुमेहाच्या संदर्भात कानावर पडला की तिथेच थांबावं.

सब्जाची अडचण तर आणखी मुळाशी आहे. तो आपल्याकडे जवळपास नेहमी गोडाबरोबरच येतो. गुलाबाचं सरबत, फालुदा, साखरेचं कोकम. एका ग्लासात तीन-चार चमचे साखर आणि एक चमचा सब्जा, हा काही उपचार होत नाही. सब्जा घ्यायचाच असेल तर बिनसाखरेच्या कोकम आगळात पाणी, सैंधव आणि जिरेपूड घालून घ्या, किंवा पातळ ताकात. एक छोटा चमचा सब्जा, एक कप पाणी, पंधरा मिनिटं, बस. सुटा सब्जा आणला तर आधी कोरडाच चाळून, पाखडून घ्या. भिजल्यावर माती चिकटते आणि मग धुवून निघत नाही. जुना सब्जा अर्धवटच फुगतो. तो टाकून द्यावा.

मधुमेहासाठी दोनपैकी एकच निवडायचा असेल तर आमची पसंती चियाला आहे, आणि कारण परदेशी कौतुक नाही. तो जास्त प्रमाणात, जेवणात मिसळून खाता येतो. सब्जा मोठ्या प्रमाणात खाणं कंटाळवाणं होतं. शंभर ग्रॅम चियात सुमारे 34 ग्रॅम फायबर, 16-17 ग्रॅम प्रथिनं आणि जवळजवळ 18 ग्रॅम वनस्पतिजन्य ओमेगा-3 असतं. पाकिटावर ‘कार्बोहायड्रेट 42 ग्रॅम’ वाचून घाबरू नका, त्यातलंच 34 ग्रॅम फायबर आहे आणि ते साखर म्हणून रक्तात जात नाही. पण 486 कॅलरीही त्याच शंभर ग्रॅममध्ये आहेत. वजन उतरवायचं असेल तर चिया नेहमीच्या ताटात वरून भर म्हणून घालायचा नाही, ताटातलं काहीतरी कमी करून घालायचा.

स्वयंपाकघरात ते असं जमतं. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक छोटा चमचा. पोट ठीक राहिलं तर हळूहळू एक मोठा चमचा, साधारण 12 ग्रॅम, म्हणजे चारेक ग्रॅम फायबर. प्रयोगांतल्या 30-37 ग्रॅमपर्यंत पहिल्या दिवशी उडी मारली तर गॅस, पोटफुगी आणि पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ ठरलेलं. एका मोठ्या चमच्याला किमान 150 मिली पाणी घेऊन भिजवावं. तयार गर झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. तो काकडीच्या दह्यातल्या कोशिंबिरीत घाला. काकडीला सुटणारं पाणी शोषून घेतो आणि कोशिंबीर भातापर्यंत पातळ होत नाही. ताकात घालून जेवणाबरोबर घ्या. वरण उतरवल्यावर त्यात घाला, पण मग वरण थोडं पातळच ठेवा, कारण ते दहा मिनिटांत दाट होतं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत एका भाकरीमागे दोन छोटे चमचे दळलेला चिया चालतो. पिठाला पाणी थोडं जास्त लागतं आणि चिकटपणा आल्यामुळे थापताना कडा कमी फाटतात. अख्खा आणि दळलेला, दोन्ही प्रकारांनी जेवणानंतरचा चढ कमी होतो असं प्रयोगात दिसलं आहे. दळल्याचा जादा फायदा ओमेगा-3 अंगी लागण्याचा. मात्र दळलेला चिया लवकर खवट होतो. आठवड्यापुरताच दळा, हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. सब्जा दळण्याच्या भानगडीत पडू नका, त्याचं काम भिजण्याचंच आहे.

कोरडा चिया मात्र चमच्याने तोंडात टाकून वर पाणी प्यायचा नाही, कधीच नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत एका 39 वर्षांच्या माणसाची नोंद मांडली गेली. त्याने एक मोठा चमचा कोरडा चिया गिळला, वर ग्लासभर पाणी प्यायला, आणि बी अन्ननलिकेतच फुगून बसला. दुर्बीण घालून तो अडथळा दूर करावा लागला. सब्जाबाबतही हाच नियम, कारण तो तर आणखी लवकर फुगतो. गिळायला त्रास असलेल्या वयस्कर माणसांना दोन्हीपासून लांब ठेवा.

तुमच्या शरीरात फरक पडतो का हे घरीच कळतं. नेहमीचं दुपारचं जेवण, तेवढ्याच पोळ्या, तेवढाच भात, पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटर. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, सोबत एक मोठा चमचा भिजवलेला चिया, पुन्हा दोन तासांनी. असं दोन-तीनदा करून आकडे लिहून ठेवा. एका आकड्यावरून काही ठरवू नका, कारण झोप, चालणं आणि ताण यांनीही फरक पडतो. चढ कमी दिसला तर चालू ठेवा, नाही दिसला तर चिया हा नुसता पौष्टिक पदार्थ समजून खा. आणि खरंच बुळबुळीत फायबरचाच साखरेवर परिणाम हवा असेल तर डॉक्टरांना इसबगोलाबद्दल विचारा. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी, दोन्हींवर त्याचा पुरावा या दोघांपेक्षा भक्कम आहे, आणि तो स्वस्तही पडतो.

काहींनी मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नये. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात काहींच्या जठराच्या नसा मंदावतात, थोडं खाल्लं तरी पोट तासन्‌तास भरलेलं वाटतं, उलटीची भावना होते. अशा जठरात बुळबुळीत बी घालणं म्हणजे त्रास वाढवणं. किडनीचा आजार असेल तर चियातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम मोजावं लागतं. शंभर ग्रॅममध्ये सुमारे 860 मिलिग्रॅम फॉस्फरस असतं, तेव्हा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. थायरॉइडची गोळी आणि हा गर एकत्र घेऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही. मध्ये काही तासांचं अंतर ठेवा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. साखर अचानक उतरली, घाम सुटला, हात थरथरले, मीटरवर 70 च्या खाली आकडा आला, तर समोर तयार असलेलं सब्ज्याचं गोड सरबत द्यायचं नाही. जो थर जेवणानंतर साखर सावकाश सोडतो तोच थर इथे घात करतो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर साध्या पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून 70 च्या खालीच असेल तर तेवढंच परत द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.