टेस्ट डंप, एजंट आणि एप्सिलॉन

बीकेसीतली बँक असो की तिचं काम करणारं अंधेरी एमआयडीसीतलं सॉफ्टवेअर ऑफिस, जुन्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ‘टेस्ट डेटा’ नावाचा एखादा फोल्डर पडलेला असू शकतो. त्यात कधीकाळी प्रॉडक्शनवरून, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या यंत्रणेवरून, उतरवलेला डंप (डेटाची अख्खी प्रत): नाव आणि मोबाइल नंबर पुसलेले, पिनकोड, जन्मतारीख, लिंग जसंच्या तसं. वर्षानुवर्षं तो कोणी उघडत नाही. कोड दुरुस्त करणारा एआय एजंट मात्र पहिल्याच फेरीत उघडू शकतो. गोपनीयतेचं संशोधन आणि एजंटांचं संशोधन एकमेकांना न विचारता वाढलं. त्यांची गाठ पडते ती या फोल्डरपाशी.

नाव पुसलं की माणूस लपला, हा समज १९९७ मध्येच मोडीत निघाला. संशोधक लतान्या स्वीनी यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘निनावी’ वैद्यकीय नोंदी मतदारयादीशी ताडून पाहिल्या आणि थेट गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद काढली. दुवा हाच: पिनकोड, जन्मतारीख, लिंग. मुंबईचं ढोबळ गणित करून पाहा. समजा, एका पिनकोडात १ लाख लोक आहेत. ८० वर्षांच्या २९,२०० जन्मतारखा, गुणिले दोन लिंगं, म्हणजे ५८,४०० खण. एका खणात सरासरी दोन माणसंही येत नाहीत. दादर स्टेशनच्या गर्दीत कोणी कोणाला ओळखत नाही. डंपमध्ये अनेक जण ओळखू येऊ शकतात.

२००६ मध्ये सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि अ‍ॅडम स्मिथ यांनी प्रश्नच वेगळा मांडला: एक व्यक्ती डेटात असली काय नि नसली काय, उत्तर फारसं बदलता कामा नये. किती बदललेलं चालेल त्याचं माप म्हणजे एप्सिलॉन. जितका लहान, तितकं संरक्षण जास्त. या कल्पनेचं नाव डिफरन्शियल प्रायव्हसी. ती न्यूरल नेटवर्कच्या (एआय मॉडेलच्या) प्रशिक्षणात चालेल अशी केली ती गूगलच्या संशोधकांनी, २०१६ मध्ये. कृती सोपी दिसते. बॅचमधल्या (एका वेळी शिकवायच्या गटातल्या) प्रत्येक नमुन्याचा ग्रेडियंट (मॉडेल कुठे नि किती बदलायचं ते सांगणारे आकडे) वेगळा काढायचा, त्याची लांबी ठरलेल्या मर्यादेत कापायची, बेरजेत गॉसियन नॉइज (यादृच्छिक आकडे) मिसळायचा आणि दर पावलाला खर्च झालेला एप्सिलॉन खतावणीत मांडायचा. वेगवेगळे ग्रेडियंट धरून ठेवायला मेमरी भरपूर लागते. बॅच नॉर्मलायझेशन (अख्ख्या बॅचच्या सरासरीने आकडे एका मापात आणणं) चालत नाही, कारण ते नमुने एकमेकांत मिसळतं. सगळ्यांत महागात पडते ती हिशेबातली चूक: एप्सिलॉन एका व्यवहारामागे २ धरला आणि ग्राहकाचे यूपीआय व्यवहार ५०० असले, तर त्या ग्राहकापुरता आकडा १,००० होतो. अशी हमी असून नसल्यासारखी.

फेडरेटेड लर्निंगही याच सुमाराचं. डेटा फोनवरच राहतो, सर्व्हरला फक्त मॉडेलमधले बदल जातात. पण ग्रेडियंटवरूनही मूळ नमुना परत उभा करता येतो, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं.

दुसरी वाट आपोआप कोड दुरुस्त करण्याची. २००९ च्या सुमाराला आलेल्या जेनप्रॉग या प्रोग्रामने २०१२ मध्ये १०५ पैकी ५५ बग सुधारल्याचं जाहीर केलं. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने तपासलं, तर खऱ्या अर्थाने बरोबर दोनच निघाले. बाकी बहुतेक ठिकाणी नडणारा कोडच उडवलेला, म्हणून टेस्ट पास! ही खोड आजच्या एजंटांतही अधूनमधून दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या एसडब्ल्यूई-बेंच या चाचणीत १२ पायथन प्रकल्पांतले २,२९४ खरे प्रश्न होते आणि तेव्हाच्या सर्वोत्तम मॉडेलने १.९६ टक्के सोडवले. पुढच्या वर्षी त्याच चाचणीत एसडब्ल्यूई-एजंट नावाच्या एजंटने १२.४७ टक्के गाठले. त्यातली मोठी युक्ती मॉडेलला सोयीची अवजारं देण्याची होती: फाइल शोध, बदल कर, टेस्ट चालव, एरर वाच, पुन्हा तेच.

गोची ‘एरर वाच’मध्ये आहे. डिफरन्शियल प्रायव्हसी मॉडेल जे शिकलं त्याला झाकते. एजंटने आत्ता वाचलेल्या लॉगला (प्रोग्रामच्या नोंदींना) तिचं पांघरूण नाही. स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कुठे झाली ते दाखवणाऱ्या यादीत) ग्राहकाचा पॅन छापला गेला, की तो मॉडेलच्या सर्व्हरवर पोहोचला. पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर असा पॅनचा साचा फिल्टरला सापडतो. देवनागरीतलं नाव किंवा ‘चाळ क्र. ३, खोली ११’ असा पत्ता निसटतो. शिवाय २०२३ पासून माहीत असलेला धोका: एखाद्या इश्यूत (कोडबद्दलच्या तक्रारीत) किंवा कॉमेंटमध्ये लपवलेली सूचना एजंट आज्ञा समजून पाळू शकतो. नेटवर्क उघडं असेल, तर डेटा बाहेर.

मुंबईत याला नियमांची धार आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला पेमेंट डेटा फक्त भारतात साठवायला सांगितलं. त्यामुळे परदेशी सर्व्हरवर साठणारा एजंटचा लॉग हा केवळ तांत्रिक तपशील उरत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना कार्ड नंबरही ठेवता येत नाहीत, त्याजागी बदली क्रमांक, म्हणजे टोकन, ठेवायचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद.

त्यामुळे एजंट चालवायचा तो नेटवर्क बंद असलेल्या कंटेनरमध्ये (बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत), कृत्रिम डेटावर आणि फक्त त्या एका रिपॉझिटरीपुरत्या प्रवेश-टोकनने. एवढं करूनही गिटमधून (कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनातून) डिलीट केलेली फाइल जुन्या कमिटमध्ये (आधी जतन केलेल्या आवृत्तीत) असतेच आणि एजंटला इतिहास वाचता येतो. डंप इतिहासातून उपटावा लागतो. त्यात पासवर्ड असेल तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही, कारण जुना क्लोन (रिपॉझिटरीची प्रत) कोणाकोणाच्या लॅपटॉपवर आहे हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.