नेटवर्क कार्डावरील अधिकारदान

संगणकाचे नेटवर्क कार्ड चालू-बंद करणे, त्याचा पत्ता किंवा मार्ग बदलणे ही प्रशासकाची (रूटची) कामे सामान्य वापरकर्त्याच्या हाती देणे, व त्यातून उद्भवणारे धोके.

युनिक्स या संगणक-प्रणालीत हे अधिकार मुळात एकट्या रूटकडे असत. त्याच धर्तीच्या लिनक्सने आवृत्ती २.२ (१९९९) पासून त्यांचे तुकडे केले. नेटवर्कचा तुकडा ‘कॅप-नेट-ॲडमिन’. या तुकड्यांना ‘कॅपेबिलिटी’ म्हणतात. हा शब्द डेनिस व व्हॅन हॉर्न या संगणकशास्त्रज्ञांच्या १९६६च्या निबंधात आढळतो. मात्र तेथील कॅपेबिलिटी म्हणजे एका विशिष्ट वस्तूपुरता परवाना. लिनक्समधील तुकडा कोणत्याही एका कार्डाशी बांधलेला नाही. तो पॉझिक्स १००३.१ई या, युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकाच्या पुढे मागे घेतलेल्या मसुद्यातून आला. हा नुसता शब्दवाद नव्हे. एका कार्डासाठी म्हणून दिलेला अधिकार सर्व कार्डांना आणि फायरवॉललाही (नेटवर्कवरील ये-जा गाळणाऱ्या व्यवस्थेलाही) लागू होतो.

तो नेटवर्कपुरताही राहत नाही. अस्तित्वात नसलेल्या कार्डाचे नाव घेतले, की कर्नल (प्रणालीचा गाभा) त्या नावाचे मॉड्यूल, म्हणजे गाभ्याला जोडायचा भाग, शोधून चढवत असे. कार्डाऐवजी एखाद्या फाइल-प्रणालीचे नाव दिले तर तीही चढे. वास्तविक त्यासाठी वेगळा अधिकार लागतो. ही पळवाट (सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतील क्रमांक सीव्हीई-२०११-१०१९) आवृत्ती २.६.३८मध्ये नावाआधी ‘नेटडेव्ह-’ जोडून बुजवण्यात आली. आवृत्ती ३.८ (२०१३) पासून सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्या वेगळ्या नेमस्पेसमध्ये (प्रणालीतील अलग कप्प्यात) हाच अधिकार मिळवता येतो. खरे कार्ड त्याच्या हाती लागत नाही, पण कर्नलमधील फायरवॉलची संहिता लागते. सीव्हीई-२०२४-१०८६ हा दोष वापरून तेथून थेट रूट होता येत असे.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते, आणि जोडणी पुन्हा उभी करण्याचे काम जवळ असेल त्याच्यावर पडते. मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासात राउटरचा प्रशासकीय पासवर्ड कामाच्या मुलाला सांगून ठेवण्याचे कारण नाही. बंद-चालू करायला बटण पुरते. पाहुण्यांना वेगळे ‘गेस्ट’ वाय-फाय द्यावे. रत्नागिरी किंवा सावंतवाडीच्या एखाद्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला सुडोने (रूट म्हणून आज्ञा चालवू देणाऱ्या साधनाने) नेटवर्क जुळवणीची ‘आयपी’ ही आज्ञा मोकळी करून देणे मात्र फार घातक. नेमस्पेसमध्ये हवा तो प्रोग्राम चालवणाऱ्या ‘आयपी नेटएनएस एक्झेक’ने तो लगेच रूटचे शेल (कोणतीही आज्ञा देण्याची खिडकी) उघडू शकतो. द्यायचीच तर कार्डाच्या नावासह संपूर्ण आज्ञा, शब्दशः लिहून.