कॅरोलिन सेगर आणि स्वीडनच्या महिला फुटबॉलची दोन दशके

स्वीडनच्या राष्ट्रीय संघाकडून २४० सामने, पाच विश्वचषक, चार ऑलिंपिक स्पर्धा, ऑलिंपिकची दोन रौप्यपदके आणि विश्वचषकातील तीन कांस्यपदके हा मधल्या फळीतील खेळाडू कॅरोलिन सेगर हिचा हिशेब आहे. या आकड्यांमागे क्लब फुटबॉलची एक वेगळीच कहाणी आहे. २००५ पासून सेगर ज्या क्लबांकडून खेळली त्यांची नावे ओळीने वाचली, तर महिला फुटबॉलमध्ये पैसा कोठून आला, कोणाच्या हाती गेला आणि कोठे अचानक आटला, हे आपोआप कळत जाते. तिच्या पायाखालून एक लीग गेली आणि एक क्लबही गेला. या सगळ्या उलथापालथीत तिला कायम हक्काची वाटावी अशी एकच जागा उरली, ती म्हणजे राष्ट्रीय संघ. असे का घडले हे समजून घ्यायचे, तर तिच्या जन्माच्या आधीपासून सुरुवात करावी लागते.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ पासून जवळपास पन्नास वर्षे आपल्या क्लबांची मैदाने महिलांसाठी बंद ठेवली होती. स्वीडनमध्येही महिलांच्या खेळाकडे दीर्घकाळ थट्टेच्या नजरेने पाहिले गेले. तरी १९६६ मध्ये ओक्साबेक या लहानशा गावात महिलांचा संघ उभा राहिला आणि १९७३ मध्ये अधिकृत राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झाले, तेव्हा पहिला किताब याच गावाने पटकावला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वीडनचा महिला संघ फिनलंडविरुद्ध आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि तो गोलशून्य बरोबरीत सुटला. पुढच्या अकरा वर्षांत हा संघ युरोपचा विजेता झाला. १९८४ च्या दोन सामन्यांच्या अंतिम फेरीतील दुसरा सामना इंग्लंडमध्ये ल्यूटन येथे चिखलाने माखलेल्या मैदानावर झाला आणि पेनल्टी शूटआउटमधील निर्णायक फटका पिया सुंधागे यांनी मारला. त्या स्पर्धेतले सामने नव्वदऐवजी सत्तर मिनिटांचे होते आणि चेंडूही नेहमीपेक्षा लहान होता. महिलांना पूर्ण वेळ झेपणार नाही, असे युरोपच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्यांना तेव्हा वाटत होते. सेगरचा जन्म त्यानंतर वर्षभरातच, १९ मार्च १९८५ रोजी, दक्षिण स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग येथे झाला.

१९८८ मध्ये ‘डामआल्स्वेन्स्कान’ ही एकसंध राष्ट्रीय लीग सुरू झाली, १९९१ च्या पहिल्या विश्वचषकात स्वीडन तिसरा आला आणि १९९५ चा विश्वचषक स्वीडननेच भरवला. यजमान संघाचा उपांत्यपूर्व सामना चीनशी झाला तो हेल्सिंगबोर्गच्या ऑलिंपिया मैदानावर, आणि स्वीडनने तो शूटआउटमध्ये गमावला. सेगर तेव्हा दहा वर्षांची होती आणि शहराजवळच्या गांटोफ्टा या गावात वाढत होती. तिच्या पिढीला राष्ट्रीय संघ दूरच्या बातम्यांमधून कळला नाही. तो तिच्या गावाच्या जवळ येऊन खेळून, हरून गेला होता.

खरी उसळी आली ती २००३ मध्ये. अमेरिकेत झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीने जादा वेळेतील ‘गोल्डन गोल’वर, म्हणजे पहिला गोल होताच सामना संपवणाऱ्या तेव्हाच्या नियमानुसार, स्वीडनला २-१ असे हरवले, पण घरोघरी टीव्हीवर पाहिल्या गेलेल्या त्या पराभवाने देशात महिला फुटबॉलला अभूतपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. उमेओ हा उत्तरेकडील क्लब २००३ आणि २००४ अशी सलग दोन वर्षे युरोपचा विजेता ठरला, आणि २००४ मध्येच ब्राझीलची मार्ता तिथे खेळायला आली. जगातल्या उत्तम खेळाडूंनी कामाला यावे अशी लीग त्या काळी फारच थोड्या देशांत होती आणि स्वीडन त्यांतला एक होता.

सेगरची कारकीर्द या लाटेवर सुरू झाली. हेल्सिंगबोर्गच्या स्टाटेना क्लबमधून ती २००५ मध्ये लिनशोपिंग या क्लबकडे गेली आणि त्याच वर्षी तिने राष्ट्रीय संघात पदार्पण केले. लिनशोपिंगची पाच वर्षे ही तिच्या घडणीची वर्षे होती. बचावापुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्याची चाल तोडायची, हवेतले चेंडू जिंकायचे, आणि चेंडू मिळताच स्वतः पुढे धाव घेऊन गोलक्षेत्रात पोहोचायचे, अशी दोन्ही टोकांची कामे करणारी खेळाडू म्हणून ती ओळखली जाऊ लागली. क्लबने २००६, २००८ आणि २००९ मध्ये स्वीडिश चषक जिंकला, २००९ मध्ये इतिहासातले पहिले लीग विजेतेपदही मिळवले, आणि त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा ‘डायमंड बॉल’ पुरस्कार सेगरला मिळाला.

राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद तिच्याकडे आले ते प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांच्या काळात, २००९ च्या सुमारास. पुढे काही वर्षे संघातील सहकारी लोट्टा शेलिनसोबत तिने ते वाटूनही घेतले. हे डेनर्बी मराठी वाचकांना अगदीच अनोळखी नसावेत. २०२२ च्या जानेवारीत नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे भरलेल्या महिला आशियाई चषकात भारतीय संघाचे प्रशिक्षक तेच होते. इराणशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर कोरोनाच्या संसर्गामुळे भारताला स्पर्धेतून बाहेर पडावे लागले होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली स्वीडनने २०११ च्या जर्मनीतील विश्वचषकात साखळी फेरीत अमेरिकेला हरवले आणि तिसरे स्थान मिळवले. जपानविरुद्धच्या उपांत्य सामन्यात सेगर दुखापतीमुळे खेळू शकली नाही. स्वीडन तो सामना ३-१ असा हरला.

क्लबच्या पातळीवर मात्र तोपर्यंत वारे फिरले होते. अमेरिकेत २००९ मध्ये महिलांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली आणि सेगर २०१० मध्ये फिलाडेल्फिया इंडिपेंडन्सकडे गेली. तो संघ अंतिम सामन्यात हरला. पुढच्या वर्षी ती वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडून खेळली. मार्ता, क्रिस्टीन सिंक्लेअर आणि तरुण अॅलेक्स मॉर्गन अशा सहकाऱ्यांसह तिने किताब जिंकला, आणि तोही आपल्याच जुन्या फिलाडेल्फिया संघाला शूटआउटमध्ये हरवून. काही महिन्यांतच, २०१२ च्या सुरुवातीला, ती लीग स्थगित झाली आणि पुन्हा उभी राहिली नाही. जगातील सर्वात गुणवान खेळाडूंना एकत्र आणूनही संघमालकांची भांडणे आणि तोट्याचा ताळेबंद यांपुढे लीगचा टिकाव लागला नाही.

यानंतरचा अध्याय स्टॉकहोमजवळच्या तिरेसोचा आहे आणि तो थोडा तपशिलाने सांगावा लागतो, कारण स्वीडिश महिला फुटबॉलची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यात एकदमच दिसतात. उपनगरातल्या या क्लबने कर्ज आणि प्रायोजकांची आश्वासने यांच्या बळावर तारांकित संघ उभा केला. मार्ता आली, स्पेनची वेरो बोकेते आली, अमेरिकेची क्रिस्टन प्रेस आली, आणि २०१२ मध्ये सेगरही आली. त्याच मोसमात शेवटच्या दिवशी माल्मो संघाला १-० असे हरवून तिरेसोने गोलफरकाच्या जोरावर लीग जिंकली. स्वीडनमधील क्लबांची बहुसंख्य मालकी सभासदांकडेच राहावी असा तिथला नियम आहे. त्यामुळे एखादा धनाढ्य मालक येऊन तूट भरून काढेल ही शक्यता मुळातच कमी होती. २०१४ च्या वसंतात कर्जाचा डोंगर उघडा पडला, तरी संघ युरोपियन चॅम्पियन्स लीगमध्ये पुढे सरकतच राहिला. २२ मे रोजी लिस्बन येथे जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गविरुद्धच्या अंतिम सामन्यात मार्ता आणि बोकेते यांच्या गोलांनी तिरेसोला तिसाव्या मिनिटापर्यंतच २-० अशी आघाडी मिळवून दिली. दुसऱ्या सत्रात जर्मन संघाने बरोबरी साधली, मार्ताने पुन्हा आघाडी घेतली, पण ऐंशीव्या मिनिटाला चौथा गोल करून वोल्फ्सबुर्गने सामना ४-३ असा जिंकला. त्यानंतर दोन आठवड्यांत तिरेसोने चालू लीगमधून माघार घेतली, त्यांचे त्या मोसमातील सर्व निकाल रद्द झाले आणि युरोपच्या उपविजेत्या संघातील खेळाडूंवर नवी नोकरी शोधण्याची वेळ आली. यात खेळाडूंचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल. मैदानावरचे काम त्यांनी जवळपास पूर्ण केले होते.

तिरेसोनंतर सेगरला फ्रान्समध्ये जागा मिळाली, आणि फ्रान्समधील पैसा वेगळ्या जातीचा होता. पॅरिस सेंट-जर्मेनची मालकी २०११ पासून कतारकडे होती आणि पुरुष संघाच्या प्रचंड अंदाजपत्रकातला लहानसा वाटाही महिला संघाला स्वीडनच्या कोणत्याही क्लबपेक्षा श्रीमंत करायला पुरेसा होता. २०१५ मध्ये बर्लिन येथे सेगरच्या वाट्याला लागोपाठ दुसऱ्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातील पराभव आला. फ्रँकफर्टने भरपाई वेळेत निर्णायक गोल केला. अखेर २०१६ मध्ये ती लिऑनकडे गेली आणि २०१७ च्या जूनमध्ये कार्डिफ येथे लिऑनने पॅरिसलाच शूटआउटमध्ये हरवले, तेव्हा युरोपचा किताब तिच्या नावावर लागला.

याच वर्षांत राष्ट्रीय संघाने आपला सर्वात चर्चित टप्पा पाहिला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये साखळी फेरीत ब्राझीलकडून ५-१ असा सपाटून मार खाल्ल्यावर, आता प्रशिक्षक झालेल्या पिया सुंधागे यांनी संघाला खोलवर बचाव करायला लावले. अमेरिका आणि नंतर ब्राझील, दोघांनाही स्वीडनने शूटआउटमध्ये बाहेर काढले. त्या पराभवानंतर अमेरिकेच्या गोलरक्षक होप सोलो यांनी स्वीडनच्या खेळाडूंना भेकड म्हटले आणि त्यावर पुष्कळ वादंग झाले. कमकुवत बाजूने आपल्या ताकदीनुसार खेळण्यात भेकडपणा कसला, हा प्रश्न मात्र तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. रिओच्या माराकाना मैदानावरील अंतिम सामन्यात जर्मनी २-१ असा जिंकला आणि स्वीडिश महिला फुटबॉलला पहिले ऑलिंपिक पदक मिळाले.

२०१७ मध्ये सेगर मायदेशी, माल्मोच्या रोसेनगार्ड क्लबकडे परतली. तिथे क्रीडा संचालक होत्या तेरेसे शोग्रान, ज्यांच्या नावावर तेव्हा राष्ट्रीय संघासाठी २१४ सामन्यांचा विक्रम होता. या विक्रमाला एक कडवट पूर्वपीठिका आहे. २०१३ मध्ये पुरुष संघाचा आंदेर्स स्वेन्सन १४३ सामन्यांचा जुना विक्रम मागे टाकून पुढे गेला, तेव्हा त्याला मोटार भेट देण्यात आली. शोग्रान यांचे तेव्हा १८७ सामने झालेले होते आणि त्यांना कोणी मोटार दिली नव्हती. देशात त्यावर जोरदार चर्चा झाली. सेगरने शोग्रान यांचा विक्रम २०२१ मध्ये मोडला. रोसेनगार्डने तिच्या काळात २०१९, २०२१, २०२२ आणि २०२४ अशी चार लीग विजेतेपदे मिळवली, पण चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीपर्यंत स्वीडिश क्लब पुन्हा पोहोचले नाहीत. तो मान आता मोठ्या पुरुष क्लबांच्या महिला संघांकडे गेला होता.

प्रशिक्षक पीटर गेरहार्डसन यांच्या हाताखाली २०१९ च्या विश्वचषकात स्वीडनने जर्मनीला हरवले आणि इंग्लंडवर मात करून कांस्यपदक मिळवले. टोकियो ऑलिंपिकची सुरुवात तर त्यांनी विश्वविजेत्या अमेरिकेला ३-० असे नमवून केली. ६ ऑगस्ट २०२१ रोजी योकोहामा येथे कॅनडाविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये प्रत्येकी चार फटक्यांनंतर स्वीडन २-१ असा पुढे होता. पाचवा फटका कर्णधार सेगरचा होता. तो गोल झाला असता तर सुवर्णपदक तिथेच निश्चित होते. छत्तीस वर्षांच्या सेगरने मारलेला चेंडू गोलपोस्टच्या आडव्या खांबावरून गेला, कॅनडाने बरोबरी साधली आणि पुढच्याच फेरीत सामना जिंकला.

त्यानंतर तिने खेळणे थांबवले नाही. २०२२ च्या युरो स्पर्धेत तिला दुखापतींनी सतावले आणि संघातील तिचे स्थान यावर स्वीडिश वर्तमानपत्रांतून उघड चर्चा होत राहिली. २०२३ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, ती आपल्या पाचव्या विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेली, परंतु यावेळी मैदानावर कर्णधारपदाची पट्टी कोसोवारे आस्लानीच्या दंडावर होती. ब्रिस्बेन येथे यजमान ऑस्ट्रेलियाला २-० असे हरवून स्वीडनने कांस्यपदक मिळवले.