पाऊसथेंबांपासून वीज

पडणारा पाण्याचा थेंब एखाद्या पृष्ठभागावर आदळतो, पसरतो आणि ओघळतो, तेवढ्या क्षणात मिळणारा विद्युतभार वापरण्याचे तंत्र. जलविद्युत केंद्रात साठवलेले पाणी पाती फिरवते. इथे फिरणारे काहीच नसते.

हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीत झालेले काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि या विषयाचा गाजावाजा झाला. टेफ्लॉनच्या पातळ थरावर थेंब पडत राहिले की त्यावर ऋणभार साचतो. पसरलेला थेंब वरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला टेकला की मंडल पूर्ण होऊन विजेचा झटका वाहतो. १५ सेंटिमीटरवरून सोडलेल्या एका थेंबाने १४० व्होल्टहून अधिक दाब निर्माण केला, १०० छोटे एलईडी लुकलुकले. पण क्षणभरच. बातम्यांतून नेमका हाच शब्द गळतो. शिवाय मुसळधार पावसात थरावर पाणी साचून राहिले, तर पुढच्या थेंबाचा प्रभाव उरत नाही. २०२५ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी २ मिलिमीटर व्यासाच्या उभ्या नळीतून हवेच्या पोकळ्यांसह पाणी सोडून १० टक्क्यांहून अधिक ऊर्जा विजेत बदलली.

आता पुण्याची गच्ची घेऊ. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७० हजार लिटर. थेंबाचा वेग सेकंदाला ६ मीटर धरला (पुण्याच्या भुरभुरीसाठी हे जरा उदारच) आणि सगळी गतिज ऊर्जा हाती लागली असे मानले, तरी वर्षाकाठी जेमतेम एक तृतीयांश युनिट होते. एक किलोवॉटचे सौर पॅनेल भर दुपारी तेवढी वीज सुमारे अर्ध्या तासात देते.

दोष थेंबाचा नाही, हवेचा आहे. ढग कितीही उंच असला तरी हवेच्या अवरोधामुळे थेंबाचा वेग एका मर्यादेपुढे जात नाही. तो जणू दोनेक मीटरवरूनच पडतो. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी बंद नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरते, म्हणून १९१५ पासून तिथे वीज होते आहे. तोच पाऊस, लिटरमागे अडीचशे पटींहून अधिक ऊर्जा.

त्यामुळे घरातले दिवे या तंत्रावर लागणार नाहीत. उपयोग दिसतो तो डोंगरातल्या, वीज न पोहोचलेल्या छोट्या संवेदकांसाठी. थेंबाच्या आघाताचा विद्युतसंकेत करून त्याचा आकार मोजणारे डिसड्रोमीटर हे उपकरण तर आधीपासून वापरात आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेतही ते वापरले गेले आहे.