कत्तल तीच, सेनापती वेगळा

इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज तामारिन यांनी १९६० च्या दशकात हजारावर शाळकरी मुलांना बायबलच्या जुन्या करारातला एक प्रसंग वाचायला दिला. ज्यूंचा सेनापती यहोशवा याचं सैन्य देवाच्या आज्ञेने यरीहो शहर घेतं आणि बायाबापड्या, म्हातारेकोतारे, पोरंबाळं, गुरंढोरं, सगळ्यांना कापून काढतं. यहोशवाने केलं ते बरोबर की चूक? ६६ टक्के मुलं म्हणाली, अगदी बरोबर.

वेगळ्या मुलांना हीच गोष्ट दिली, पण यहोशवाच्या जागी प्राचीन चीनमधला सेनापती लिन घातला. आता कत्तलीला पूर्ण पाठिंबा देणारी मुलं उरली ७ टक्के. म्हणजे निरपराधांना मारणं वाईट, हे त्या वयातही चांगलं कळत होतं. आपल्या देवाचं नाव आलं की ते कळणं बाजूला पडत होतं. यहोशवाला चूक ठरवणाऱ्यांतही एका मुलाची तक्रार एवढीच होती, की जनावरं तरी आपल्यासाठी राखायची! हे उत्तर वाचून मी हादरलो.

मोठ्यांचं काय? मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांना सूडाची एक रक्तरंजित कथा वाचायला दिली. निम्म्या जणांच्या मजकुरात जास्तीचा भाग होता : हा सूड घ्यायला देवानेच सांगितलं. मग स्पर्धा. बटण आधी दाबेल तो जिंकला. हरलेल्याच्या कानात हेडफोनमधून कर्कश आवाज सोडायचा. किती मोठा, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. कमाल १०५ डेसिबल. देवाची आज्ञा वाचलेल्यांनी सर्वांत मोठे आवाज जास्त वेळा निवडले. श्रद्धाळूंमध्ये हा परिणाम ठळक होता, पण देव न मानणाऱ्यांतही तो दिसला. हेडफोनमधला आवाज म्हणजे दंगल नव्हे, हे खरंच. तरी दंगलीआधीच्या भाषणांत देवाची आज्ञा का सांगितली जाते, ते इथे कळतं.

म्हणून श्रद्धेलाच आरोपी करावं, तर मानसशास्त्रज्ञ जेरेमी गिंजेस यांचं संशोधन आडवं येतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या गटाने पॅलेस्टिनी मुस्लिम किशोरांना विचारलं : मुलांचे जीव वाचवण्यासाठी एका पॅलेस्टिनी माणसाने प्राण द्यावेत का? मुलं कधी पॅलेस्टिनी, कधी ज्यू इस्रायली. स्वतःचं मत देताना किशोरांनी पॅलेस्टिनी मुलांच्या जिवाला जास्त मोल दिलं. ‘अल्लाहला काय हवं असेल?’ असं विचारल्यावर मात्र ही तफावत कमी झाली. भोवती इतका जुना संघर्ष पेटलेला असतानाही, त्यांच्या मनातला अल्लाह त्यांच्यापेक्षा कमी भेदभाव करत होता.